रूबेच्या गिरण्या गेल्या. मालक कोठे गेले?

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या हद्दीला जवळजवळ टेकून वसलेले रूबे हे शहर एके काळी हजार धुराड्यांचे शहर म्हणून ओळखले जाई. लोकरीच्या व्यापारात इंग्लंडमधील ब्रॅडफर्डशी बरोबरी सांगणारे हे गिरणगाव आज फ्रान्समधील अत्यंत दरिद्री शहरांत गणले जाते. देशातील सर्वांत मोठ्या शंभर शहरांच्या एका पाहणीत २०१४ साली दारिद्र्याच्या बाबतीत रूबेचा क्रमांक पहिला लागला. शहरातील सुमारे ४५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली जगत होते. गिरण्या बंद पडल्या आणि गाव भिकेला लागले, ही कहाणी महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना नवी नाही. परंतु रूबे हे काही साधे गिरणगाव नव्हते. ते समाजवाद्यांची पंढरी होते. ज्या शहराने कामगारांची सत्ता नगरपालिकेत बसवून दाखविली, ज्याने कामगारमंत्री दिला, त्याच शहरात २०२० सालच्या नगरपालिका निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तीन-चतुर्थांशांहून अधिक मतदार मतदानाला गेलेच नाहीत. साथीच्या भयाचा त्यात वाटा होता हे खरे. पण साथ येण्यापूर्वी, २०१४ सालीदेखील, निम्म्याहून अधिक मतदार घरीच बसले होते. उद्योग कसा गेला यापेक्षा कामगारांचा राजकारणावरचा विश्वास कसा गेला, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूबेची वस्ती आठ हजारांच्या आसपास होती. शतक संपता संपता ती सव्वा लाखाच्या घरात गेली. एवढी माणसे आली कोठून? मुख्यतः सीमेपलीकडून. फ्लँडर्समधील घरगुती मागावरची लिननची विणकरी १८४० नंतर मोडीत निघाली, बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि उपाशी विणकर हद्द ओलांडून रूबेच्या गिरण्यांत शिरले. १८७२ सालच्या शिरगणतीत शहरातील निम्म्याहून अधिक लोक बेल्जियन होते. जे कायम वस्तीला आले नाहीत ते आठवड्याच्या शिध्याचे गाठोडे आणि लोण्याचे भांडे घेऊन येत. ‘लोण्याची भांडी’ हेच त्यांचे टवाळीचे नाव पडले होते. गिरणीमालकांना ही सीमा फार सोयीची होती. पलीकडे मजुरी कमी, अलीकडे जास्त. अलीकडचा कामगार संपावर गेला की पलीकडचा आणता येई. पलीकडच्याने डोके वर काढले की परकीय म्हणून त्याला हद्दपार करता येई. फ्रेंच कामगाराला सांगितले जाई की तुझी मजुरी या फ्लेमिश माणसाने पाडली. मजुरी कोण ठरवितो, हा प्रश्न विचारायचा मात्र राहून जाई.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांचा इतिहास विसरण्याजोगा नाही. मार्च १८६७ मध्ये एका विणकराने एकाऐवजी दोन माग चालवावेत असा आग्रह मालकांनी धरला, त्यासोबत दंडाची जाचक नियमावली लादली, तेव्हा रूबेच्या कामगारांनी बंड करून माग मोडले. पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पॅरिस शाखेने यंत्रांच्या मोडतोडीला नापसंती दर्शविली, पण त्याच पत्रकात मालकांच्या अरेरावीचाही निषेध केला. दोन मागांचा हा तंटा वाचताना मुंबईच्या जुन्या कार्यकर्त्याला १९२८ सालचा सहा महिन्यांचा संप आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही ‘सुसूत्रीकरणा’च्या नावाखाली कमी माणसांकडून अधिक माग चालवून घेण्याचाच प्रश्न होता. साठ वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर मध्ये असूनही मालकांचे गणित बदलले नव्हते.

माग मोडून मालक मोडत नाही, हे ध्यानात आल्यावर रूबेचे कामगार संघटनेकडे वळले. आणि येथे सीमा त्यांच्या उपयोगी पडली. पलीकडे गेंट शहरात समाजवाद्यांनी ‘व्होरउट’ ही सहकारी संस्था काढली होती. स्वतःची भट्टी, स्वस्त पाव आणि नफ्यातून चळवळीला निधी, असा तिचा व्यवहार होता. त्याच धर्तीवर १८८५ साली रूबेत ‘ला पे’, म्हणजे ‘शांतता’, ही सहकारी संस्था उभी राहिली. जो फ्लेमिश मजूर संपफोड्या म्हणून हिणविला जात होता, त्याच्याच गावाहून सहकाराचा हा धडा आला. शेजारच्या लील शहरात १८८८ साली ‘इंटरनॅशनल’ या गीताला चाल लावणारा पिएर दगेतेर हादेखील गेंटमध्ये जन्मलेला, कामगाराचा मुलगा होता. आंतरराष्ट्रीयता ही त्या कामगारांसाठी ग्रंथातून आलेली गोष्ट नव्हती. शेजारच्या मागावर उभा असलेला माणूस दुसऱ्या भाषेत बोलत होता, आणि त्याला बरोबर घेतल्यावाचून संप टिकत नव्हता. एवढ्या साध्या अनुभवातून ती आली होती.

१८९१ च्या मे दिनी याच नोर प्रांतातील, याच सीमेजवळच्या फुर्मी या दुसऱ्या गिरणगावात सैन्याने निःशस्त्र कामगारांवर गोळ्या झाडल्या. नऊ माणसे मारली गेली. पुढच्याच वर्षी रूबेच्या मतदारांनी नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती दिली आणि आंरी कारेत हा एके काळचा विणकर नगराध्यक्ष झाला. १८९३ साली ज्यूल गेद रूबेतून लोकसभेत गेला. कारेतच्या नगरपालिकेने शाळेतील मुलांना जेवण आणि कपडे देण्याची सोय केली. नगरपालिकेचे स्वतःचे औषधालय काढण्याचा तिचा प्रयत्न मात्र वरच्या सरकारी यंत्रणेने हाणून पाडला. भुकेल्या मुलाला जेवू घालणे हे नगरपालिकेचे काम आहे, हे आज सर्वत्र मान्य झालेले तत्त्व त्या काळी क्रांतिकारक ठरविले गेले होते. मालकवर्गाने त्याचा वचपा काढला. १८९८ साली यूजेन मोत या गिरणीमालकाने गेदचा पराभव केला आणि पुढे नगरपालिकाही काबीज केली. पण १९१२ साली झाँ-बाप्तिस्त लबा याच्या नेतृत्वाखाली समाजवादी परत आले, ते १९८३ पर्यंत नगरपालिकेत राहिले.

या सत्तेची आठवण म्हणून एक इमारत आजही उभी आहे. आल्बेर बार्त या वास्तुशास्त्रज्ञाने लबाच्या नगरपालिकेसाठी बांधलेला पोहण्याचा तलाव १९३२ साली खुला झाला. रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या, न्हाणीघरे, बाग असा त्याचा थाट होता. ज्यांच्या घरात न्हाणीघर नव्हते त्यांच्यासाठी हा प्रासाद होता. रूबेचा कामगार ज्या वस्तीत राहत असे तेथे रस्त्यावरून एका अरुंद बोळात शिरावे लागे. आत एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या दोन रांगा, मध्ये सर्वांचा मिळून एक नळ आणि सामायिक संडास. अशा वस्तीतील मुलाला स्वच्छ पाण्यात पोहता आले पाहिजे, आणि तेही सुंदर जागेत, हा आग्रह समाजवादाचाच होता. तो लबा पुढे १९३६ साली लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारात कामगारमंत्री झाला. चाळीस तासांचा आठवडा आणि पगारी रजा हे कायदे त्याच्याच कारकिर्दीत झाले. नाझी आक्रमणाच्या काळात त्याला अटक झाली आणि १९४४ साली जर्मनांच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

परंतु नगरपालिका हाती असणे म्हणजे गिरणी हाती असणे नव्हे. रूबे आणि शेजारच्या तूर्क्वँ येथील मालकांनी पहिल्या महायुद्धानंतर आपला एक बळकट संघ उभारला. या संघाने कामगारांना मुलांच्या संख्येप्रमाणे कुटुंबभत्ता देऊ केला. वरवर पाहता हे औदार्य होते. पण संपावर जाणाऱ्याचा भत्ता बुडत असे, आणि पोरांच्या तोंडचा घास हे मालकांच्या हातातील हत्यार बनले. १९३० साली सामाजिक विम्याचा कायदा लागू झाला तेव्हा विम्याच्या हप्त्याइतकी पगारवाढ मागणाऱ्या कामगारांसमोर मालकांनी ‘निष्ठे’चा बोनस ठेवला. वर्षभर मुकाट्याने हजेरी लावणाऱ्यालाच तो मिळावयाचा होता. १९३१ साली मजुरीकपात आली आणि मे महिन्यात लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. जूनमध्ये लाँग-ए या कामगारवस्तीच्या रस्त्यावर अडथळे उभारून लोक पोलिसांशी लढले. त्या रस्त्याला पुढे एदुआर्द आन्सेले याचे नाव मिळाले. हा आन्सेले गेंटच्या सहकारी चळवळीचा पुढारी होता. फ्रेंच कामगारांच्या लढाऊ रस्त्याला बेल्जियन पुढाऱ्याचे नाव असावे, यात त्या शहराचा मोठेपणा होता.

मग हा मोठेपणा सरला कसा? दुसऱ्या महायुद्धानंतर मालकांनी नवी, महागडी, स्वयंचलित यंत्रे आणली. एवढे भांडवल गुंतविल्यावर यंत्र रात्री थांबविणे परवडणारे नव्हते. स्त्रियांना रात्रपाळी कायद्याने वर्ज्य होती आणि स्थानिक पुरुष रात्रपाळीला राजी नव्हते. म्हणून अल्जीरियातून, पुढे मोरोक्कोतून, पोर्तुगालमधून माणसे आणण्यात आली. सर्वांत जड आणि सर्वांत अवेळचे काम त्यांच्या वाट्याला आले. जुन्या बेल्जियन कामगारांच्या मुलांना १८८९ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला होता. ती मुले मतदार झाली, आणि पक्षाचा कणा झाली. अल्जीरियन कामगाराच्या बाबतीत असे घडले नाही. १९६२ नंतर तो परकीय ठरला. परकीयांना स्थानिक निवडणुकीत मताधिकार देण्याचे आश्वासन समाजवादी उमेदवार मितेराँ यांनी १९८१ साली दिले. ते निवडून आले, दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले, आणि आश्वासन कागदावरच राहिले. युरोपीय संघाच्या नागरिकांना पुढे तो हक्क मिळाला. ज्यांनी रूबेची रात्रपाळी चालविली त्यांना मिळाला नाही. जो पक्ष एकेकाळी फ्लेमिश मजुराला आपला म्हणत होता, त्याने अरबी मजुराला घर दिले, शाळा दिली, सभासदत्वाची सन्मानाची जागा मात्र दिली नाही. गिरण्यांना टाळे लागू लागले तेव्हा पहिल्यांदा बाहेर पडला तो हाच कामगार. आणि त्याच्यामागे उभे राहण्यास जुनी संघटना अपुरी पडली. पुढच्या दशकांत परकीयांच्या द्वेषावर जगणाऱ्या पक्षाने याच कामगारवस्त्यांत मते गोळा केली, हे त्या अपुरेपणाचे फळ होते.

गिरण्या स्वस्त परदेशी मालामुळे बुडाल्या, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. परदेशी माल आपल्या पायांनी चालत येत नाही. कोणीतरी तो मागवितो. रूबेतील म्युलिए हे सूत आणि लोकरीच्या धंद्यातील घराणे. याच घराण्याने १९६१ साली रूबेच्या ओ-शाँ नावाच्या वस्तीत एक दुकान काढले. त्यातून ‘ओशाँ’ ही प्रचंड दुकानांची साखळी उभी राहिली. पोले या सूतकताई करणाऱ्या घराण्याने १९२० च्या दशकात टपालाने लोकर विकण्यास आरंभ केला. त्यातून ‘ला रदूत’ ही घरपोच कपडे विकणारी पेढी वाढली. झाँ प्रूव्हो याने ‘ला लेनिएर’ ही रूबेची प्रचंड सूतगिरणी काढली आणि त्याच पैशावर पॅरिसमध्ये वृत्तपत्रांचे साम्राज्य उभारले. त्या गिरणीला अखेर २००० साली टाळे लागले. म्हणजे भांडवल मेले नाही. त्याने कात टाकली. ते मागावरून उठून दुकानाच्या गल्ल्यावर बसले. आणि एकदा गल्ल्यावर बसल्यावर कापड कोठे विणले जाते याच्याशी त्याला कर्तव्य उरले नाही, किती स्वस्त मिळते एवढ्याशीच राहिले. दुकानदारीतील नोकऱ्याही टिकाऊ ठरल्या नाहीत. २०१४ साली ‘ला रदूत’ एका युरोला विकली गेली आणि चार वर्षांत ११७८ जागा कमी करण्याची योजना जाहीर झाली.

या साखळीचे दुसरे टोक कोठे आहे ते २४ एप्रिल २०१३ रोजी जगाने पाहिले. बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार ठार झाले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ढिगाऱ्यात सापडलेल्या कपड्यांवरील पट्ट्यांत ओशाँच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्याही पट्ट्या होत्या. काम परस्पर पोटकंत्राटदाराकडे गेले, आपल्याला त्याची कल्पना नव्हती, असा खुलासा कंपनीने केला. तो खुलासा खरा मानला तरी व्यवस्थेचा दोष कमी होत नाही, उलट उघडा पडतो. मालक कोण हे कामगाराला ठाऊक नाही, कामगार कोण हे मालकाला ठाऊक नाही, आणि नफा मात्र बिनचूक पत्त्यावर पोहोचतो. फ्रान्समध्ये कामगार संघटना आणि नागरी संस्थांनी दिलेल्या लढ्यामुळे २०१७ साली मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांकडील मानवी हक्कांबाबत दक्षता बाळगण्याची कायदेशीर जबाबदारी आली. हा कायदा अपुरा असेल. पण हद्दीपलीकडच्या कामगाराशी हद्दीअलीकडच्या मालकाचे नाते कायद्याने मान्य झाले, ही गोष्ट लहान नाही.

सीमा मात्र जागच्या जागी आहे. रूबेपासून हाकेच्या अंतरावर, पलीकडे बेल्जियममध्ये, नेशँ नावाचे एक खेडे आहे. संपत्तीवरील करांचा भार तेथे फ्रान्सपेक्षा हलका, म्हणून म्युलिए घराण्यातील अनेक जण तेथे राहावयास गेले. २०१२ साली जेरार दपार्दिए या नटाने तेथे घर घेतले तेव्हा सारे जग त्या खेड्याविषयी बोलू लागले. दीडशे वर्षांपूर्वी भाकरीसाठी माणसे बेल्जियममधून रूबेत येत होती. आता कर चुकविण्यासाठी धनिक रूबेच्या परिसरातून बेल्जियममध्ये जातात, आणि कामाच्या शोधात उत्तर फ्रान्समधील हजारो लोकही रोज तीच हद्द ओलांडतात. परंतु कष्टकऱ्याने हद्द ओलांडली की त्याला परकीय म्हणतात. धनिकाने ओलांडली की त्याला करनियोजन म्हणतात.

शहराच्या जीर्णोद्धाराचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मोत घराण्याच्या किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या गिरणीत १९९३ पासून कामगारजीवनाच्या दफ्तरांचा राष्ट्रीय संग्रह आहे. कामगारांचा पोहण्याचा तलाव १९८५ साली बंद झाला आणि २००१ साली त्याचे कलासंग्रहालय झाले. संगणकावरील माहिती साठविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे मुख्य ठाणे रूबेत आहे. या गोष्टींना नावे ठेवण्याचे कारण नाही. इमारत पाडण्यापेक्षा जपणे केव्हाही चांगले. परंतु गिरणी जपली आणि गिरणीकामगाराचा नातू बेकार राहिला, तर त्याला पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. याउलट १९७० च्या दशकात आल्मा-गार या वस्तीतील रहिवाशांनी दाखविलेला मार्ग अधिक मोलाचा होता. घरे पाडून लोकांना पांगविण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी स्वतःची नियोजन समिती काढली, स्वतः आराखडे मांडले, आणि वस्तीची देखभाल वस्तीतल्याच माणसांना रोजगार देऊन करण्याची संस्था उभारली. तशा संस्था पुढे फ्रान्सभर निघाल्या. गिरणीच्या फाटकावर संघटना उरली नव्हती तेव्हा ती राहत्या बोळात पुन्हा उभी करता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने रूबेकडे पाहावे ते यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप हरला, याची मीमांसा पुष्कळ झाली. पण मुंबईचे भांडवलही मेले नव्हते. त्याने विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर लोटले आणि स्वतः जमिनीच्या धंद्यात शिरले. रूबेचा मालक गल्ल्यावर बसला, मुंबईचा मालक जमिनीच्या सातबाऱ्यावर बसला, फरक एवढाच. या यंत्रमागांवर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार पुष्कळदा उत्तर प्रदेशातून वा बिहारमधून आलेला असतो. त्याचे नाव गावच्या मतदारयादीत नसते, बहुधा संघटनेच्या वहीतही नसते. त्याला ‘परप्रांतीय’ म्हणून हिणविणारे राजकारण येथे अनेक वर्षे फोफावले आहे. रूबेचा इतिहास सांगतो की असा कामगार ज्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात हक्काने बसतो त्या दिवसापासून चळवळ वाढते, आणि ज्या दिवशी तो उंबऱ्याबाहेर ठेवला जातो त्या दिवसापासून ती आटू लागते. रूबेची समाजवादी सत्ता मालकांनी एकदा हिसकावून घेतली होती, तेव्हा ती परत मिळविता आली. दुसऱ्या वेळी मात्र ती हिसकावली जाण्याआधीच आतून रिती झाली होती.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात एक साधी गोष्ट करावी. शेवटच्या पाळीला कोण उभा असतो, तो कोठून आला, कोठे झोपतो, त्याची मुले शाळेत जातात की नाही, याची खातेवही करावी. त्याच्या भाषेत पत्रक काढावे. तो विणतो ते कापड कोणत्या व्यापाऱ्याच्या हातून कोणत्या दुकानात जाते, याचा माग काढावा. कारण मालक आता फाटकाच्या आत नसतो, त्या दुकानाच्या पलीकडे असतो. गेंटची भट्टी रूबेत पेटू शकली, तर भिवंडीच्या कामगाराचा हात साभारच्या कामगारापर्यंत पोहोचणे अशक्य नाही. भांडवलाने हद्दी केव्हाच ओलांडल्या आहेत. कामगारांची संघटना हद्दीवर अडून राहिली, तर तिच्याही वाट्याला एक सुंदर संग्रहालय येईल, आणि चळवळ मात्र उरणार नाही.